धूम्रपान शासनाने बंद करावे काय?

(मंडळाच्या परतूर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



गेल्या वर्षीच्या मेळाव्यात विद्यार्थ्यांचा गुणगौरव आटोपल्यावर प्रश्नोत्तरांसाठी थोडा वेळ राखून ठेवला होता, हे आपणांपैकी अनेकांस स्मरत असेल. त्या वेळी पुण्यास शिकत असलेल्या आपल्यातील एका मुलीने उभे राहून विचारले, की अमुक साली वा त्यानंतर जन्मलेल्यांस सिगारेट कधीच विकू नये असा कायदा करण्याचे इंग्लंडात चालले आहे, मग आपल्या शासनानेही धूम्रपान टप्प्याटप्प्याने बंद का करू नये? सभेत हशा पिकला. मागून कोणी तरी म्हणाले, "मग आमच्या दुकानाचे काय?" तेवढ्यात पानांवर वाढावयास सुरुवात झाली आणि प्रश्न तसाच राहिला. यंदा कार्यकारिणीने आम्हांस बोलण्याविषयी सांगितले, तेव्हा हाच विषय आम्ही आपण होऊन मागून घेतला. हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आम्ही वैद्य नव्हे आणि वकीलही नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर प्राथमिक शाळेत मुलांस पाढे व शुद्धलेखन शिकविले, एवढाच आमचा अधिकार. परंतु ज्या ज्ञातीत दुकानदारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि जिच्या बहुतेक किराणा दुकानांच्या फळीवर गुळाच्या ढेपेशेजारी विडीचे कट्टे राहिले आहेत, त्या ज्ञातीने तरी ह्या प्रश्नास हसून बगल देऊ नये असे आम्हांस वाटते.

तंबाखू ही आपल्या देशातली वनस्पती नव्हे. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणली, आणि उत्तर हिंदुस्थानास तिची ओळख झाली ती आपल्या दख्खनच्या वाटेने. अकबराच्या पदरचा असद बेग इ. स. १६०४ च्या सुमारास विजापूरच्या दरबारी वकिलीस आला होता. परत जाताना तो तंबाखू आणि ती ओढण्याची नळी घेऊन गेला व ती त्याने बादशहास नजर केली, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. बादशहाने झुरका घेतला, तर जवळच असलेल्या हकिमाने ही अपरिचित वस्तू घेऊ नये म्हणून हरकत घेतली. पुढे जहांगीराने १६१७ मध्ये धूम्रपानास बंदी करणारे फर्मान काढले. त्या फर्मानाचे काय झाले हे सांगावयास नको. बाजारात उभे राहून चहूकडे पाहिले म्हणजे पुरे. मात्र आज जो प्रश्न नवा म्हणून विचारला जातो, तो ह्या देशात चारशे वर्षांचा जुना आहे, एवढे ध्यानात घ्यावे.

आता आमच्या घरची हकीकत सांगणे भाग आहे. आमच्या वडिलांचे परतूरच्या बाजारात किराणा दुकान होते. गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात मोडत असे. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. मनमाड-सिकंदराबाद मार्गावर त्या काळी मीटरगेज गाडी होती आणि मालडब्यातून विडीची पोती, तंबाखूचे डबे, हैद्राबादच्या चारमिनार सिगारेटींची खोकी स्टेशनावर उतरत. ती सोडवून आणण्यास आम्ही दोघे भाऊ हातगाडीबरोबर जात असू. चारमिनार ओढणारा म्हणजे तलाठी, गुरुजी अथवा जिनिंगमधला कारकून; शेतकरी विडीवाला. दुकानात विडीवर मिळे ते फार थोडे, परंतु वडील म्हणत, "विडीसाठी आलेला माणूस मीठ-मिरची घेऊन जातो." आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यांतून येणारी माणसे आधी कट्टा मागत आणि त्यातली पहिली विडी दुकानाच्या पायरीवरच पेटवून मग तेलाची बाटली पुढे करीत. आमच्या शाळेची फी आणि वह्या-पुस्तके त्यातूनच आली. तेव्हा तंबाखूचा धंदा करणाऱ्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, हे आम्ही जाणून आहोत.

आमच्या थोरल्या बंधूंनी पुढे ते दुकान सांभाळले. हिशेबास ते अत्यंत चोख. घरात लागणारे तेल-साखरसुद्धा ते घरखात्यावर नावे टाकीत; आणि स्वतःस लागणारा विडीचा कट्टा ते स्वतःच्या नावाने वेगळा मांडीत, कारण बापाच्या दुकानातली वस्तू फुकट ओढणे त्यांस चोरीसारखे वाटे. २००८ साली घशाच्या कर्करोगाने ते गेले. त्यांच्यामागे खतावण्या चाळताना त्यांच्या नावाचे पान आमच्या हाती लागले. १९७६ च्या पाडव्यापासून रोज एक कट्टा, असा हिशेब शेवटच्या दुखण्यापर्यंत अखंड चालला होता. गणित शिकविलेला माणूस असे पान पाहून स्वस्थ बसत नाही. पंचवीस विड्यांचा कट्टा, वर्षाचे तीनशे पासष्ट, अशी एकतीस वर्षे. बेरीज २,८२,८७५ विड्या झाली. त्यांची किंमत काढण्याचा धीर आम्हांस झाला नाही.

उपचारासाठी त्यांस मुंबईस न्यावे लागले. त्या मुक्कामात दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत आमची सोय झाली. मुंबईतल्या कर्करोग्यांस आणि त्यांच्या नातलगांस त्या धर्मशाळेचा केवढा आधार आहे, हे तेथे राहून आलेल्यांसच कळेल. तेथील ओसरीवर बसले, की सारा महाराष्ट्र एका ठिकाणी दिसतो. कोणाच्या गळ्याला पट्टी, कोणाचा अर्धा जबडा काढलेला; सोलापूरचा, बीडचा, धुळ्याचा; आणि सोबतीला आलेली बायकामाणसे स्टोव्हवर पातळ भात शिजवीत बसलेली. एके रात्री बंधूंनी आम्हांस पाटीवर लिहून दाखविले, कारण बोलणे तोवर बंद झाले होते. पहिली विडी त्यांनी सातवीत असताना ओढली होती. दुकानातला एक कट्टा सुटला होता, त्यातली. वडील दुपारी झोपले होते. एवढे लिहून त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिले, "पोराला सांग." तो पोरगा म्हणजे आमचा पुतण्या. आज दुकान तोच चालवितो.

सज्ञान माणसाने स्वतःच्या पैशाने स्वतःच्या शरीराचे काय करावे ही त्याची खुशी, शासनाने मध्ये पडू नये, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. विचारी माणसेही तो करतात, आणि स्वातंत्र्य ह्या शब्दाचे मोल हैद्राबाद संस्थानात राहिलेल्या आपल्या वाडवडिलांस ठाऊक होते. परंतु सातवीतल्या मुलाने सुटलेल्या कट्ट्यातून उचललेली विडी ही सज्ञानाची निवड कशी मानावी? निकोटीन हे द्रव्य असे आहे, की ते मेंदूस आपली सवय लावते आणि मग न मिळाल्यास माणूस अस्वस्थ होतो, चिडतो. ही सवय बहुतेकांस मिसरूड फुटण्याच्या आतबाहेरच जडते. चाळिशीत विडी आयुष्यात प्रथम हाती घेणारा मनुष्य आम्ही तरी पाहिला नाही. म्हणजे ज्या वयात निवड करावयाची त्या वयात समज नसते, आणि समज येते त्या वयात निवड उरलेली नसते. स्वातंत्र्याचा युक्तिवाद येथे लंगडा पडतो.

विडी ही सिगारेटीपेक्षा निरुपद्रवी, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. विडीत तंबाखू थोडी असते हे खरे. परंतु तेंदूचे पान सिगारेटीच्या कागदासारखे सलग जळत नाही. विडी विझू नये म्हणून ओढणाऱ्यास लवकर लवकर आणि खोल झुरके घ्यावे लागतात. गाळणी तर नसतेच. धूर, डांबर, कर्बवायू सारे थेट छातीत उतरते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात असे आढळले, की विडी ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य सरासरी सुमारे सहा वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्याचे सुमारे दहा वर्षांनी कमी होते; विडी ओढणाऱ्या स्त्रियांची आठ वर्षे जातात. शिवाय ते मरण केवळ कर्करोगाचे नसते. क्षय, दमा, हृदयविकार ह्यांनी जाणारे त्यात पुष्कळ. आपल्या भागात क्षयाने माणूस गेला की क्षयाचेच नाव होते, विडीचे होत नाही.

आता शासनाने आजवर काय केले ते पाहू. मुंबईचे मुरली देवरा ह्यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि त्यावर २००१ साली न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास मनाई करणारा आदेश दिला. २००३ मध्ये केंद्राचा कायदा झाला. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकावयाची नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांत विकावयाची नाही, हे त्यातलेच. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक धूम्रपानबंदीचे नवे नियम आले. पाकिटावरचे ते भेसूर चित्र २०१६ पासून पाकिटाच्या पंचाऐंशी टक्के भागावर आले. २०१९ मध्ये विजेवर चालणाऱ्या सिगारेटी देशभर बंद झाल्या. सप्टेंबर २०२० मध्ये तर महाराष्ट्राने सुट्या विडी-सिगारेटींची विक्रीच बंद केली.  कायदे थोडे आहेत असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु ह्या सभागृहात दुकानदार बसले आहेत. सुटी सिगारेट बाजारातून गेली काय, ह्याचे उत्तर आम्ही देण्याची आवश्यकता नाही.

ह्या सर्वांत गुटखाबंदीची कथा अधिक बोधप्रद आहे, म्हणून तेथे जरा थांबतो. महाराष्ट्राने गुटखा प्रथम २००२ साली बंद केला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरविली. मग २०१२ च्या जुलैत, नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे, ती पुन्हा आली. ह्या आदेशाची मुदत एका वर्षाची असते. म्हणून तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो. एवढी वर्षे तो निघत आहे. आणि पुडी? ती शेजारच्या राज्यांतून रात्रीच्या वाहनाने येते; तिची किंमत मात्र छापील राहिलेली नाही. पोलिसांनी इतका माल पकडला, अशी बातमी वर्तमानपत्रात येते, तेव्हा जो पकडला गेला नाही तो किती असेल असा विचार मनात येतोच. जो दुकानदार सचोटीने वागतो त्याचे गिऱ्हाईक गेले, आणि जो वागत नाही त्याला जादा नफा झाला. बंदीने व्यापाऱ्यातील भल्या माणसास शिक्षा झाली, असे आमचा पुतण्या म्हणतो, आणि त्याला उत्तर देणे आम्हांस जड जाते.

तरीही बंदी सर्वस्वी फुकट गेली असे आम्ही म्हणणार नाही. २००९-१० ची देशव्यापी पाहणी आणि २०१६-१७ ची पाहणी ताडून पाहिली, तर महाराष्ट्रात कोणत्याही रूपाने तंबाखू घेणाऱ्या प्रौढांचे प्रमाण शेकडा ३१ हून शेकडा २७ च्या आत आले. ह्याच दुसऱ्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती ह्या विषयाचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. आपल्या राज्यात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ शेकडा ३.८ निघाले, तंबाखू खाणारे, मळणारे, मिश्री लावणारे मात्र शेकडा २४.४. म्हणजे इंग्लंडाने जो प्रश्न धुराचा म्हणून मांडला, तो आपल्याकडे बहुतांशी गालातला आहे. धूर तर चार टक्क्यांवर येऊन ठेपला आहे. जेथे एवढेच लोक ओढतात तेथे धूम्रपान एका पिढीत निकालात काढणे अशक्य कसे म्हणावे? परंतु केवळ धूरच बंद केला, तर विडी सोडणारा हात चुन्याच्या डबीकडे वळेल. शासनाने हे करावयाचे असेल तर दोन्ही मिळून करावे.

येथे आमच्या स्वतःच्या एका गोष्टीची नोंद करणे प्राप्त आहे. नोकरीस लागल्यावर आम्ही कित्येक वर्षे तंबाखू मळून खात असू. १९९४ साली सोडली. त्या काळात मधल्या सुटीत वर्गातल्या एखाद्या चुणचुणीत मुलास आठ आणे देऊन तंबाखूची पुडी आणावयास धाडत असू. त्यांत काही गैर आहे असे ना आम्हांस वाटे, ना मुलास, ना त्याच्या बापास. मुलांस तो मान वाटे. त्यांतला एक विद्यार्थी मध्यंतरी बाजारात भेटला. आता तोही पोराबाळांचा धनी आहे. आम्हांस पाहताच त्याने मागे वळून गालातली पुडी थुंकली आणि मग वाकून नमस्कार केला. गुरूपुढे तोंडात काही नसावे, एवढी शिस्त त्याने पाळली. आणि आम्ही मात्र आशीर्वाद देण्याचे विसरून तसेच उभे राहिलो.

असो. आता त्या मुलीने विचारलेल्या कायद्याकडे वळू. न्यूझीलंडने २०२२ साली असा कायदा केला, की १ जानेवारी २००९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यास तंबाखू ओढण्यासाठी कधीच विकता येणार नाही. तो कितीही मोठा झाला तरी नाही. पुढे तेथे सरकार बदलले आणि अंमल सुरू होण्यापूर्वीच, २०२४ च्या आरंभी, तो कायदा मागे घेतला गेला. ब्रिटनच्या सरकारने त्याच जन्मतारखेचे विधेयक २०२४ साली आपल्या संसदेपुढे ठेवले. आणि आपल्या शेजारच्या मालदीवने १ जानेवारी २००७ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी अशी बंदी १ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू केली. भूतानचा मार्ग निराळा. त्याने २००४ मध्ये तंबाखूची विक्री सरसकट बंद केली. माल आपल्या देशातून चोरट्या वाटेने जाऊ लागला, तो काही केल्या थांबला नाही. आणि २०२१ मध्ये, महामारीच्या दिवसांत, ती बंदी उठविली गेली.

भूतानचा अनुभव म्हणजे आपल्याच गुटख्याचा अनुभव. आपल्या राज्यातील दारूबंदीचेही तेच. वर्धा, गडचिरोली आणि चंद्रपूर ह्या तीन जिल्ह्यांत ती होती. चंद्रपूरची २०१५ साली झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. ज्याला सवय आहे त्याच्या हातून वस्तू एकाएकी काढून घेतली, की तो ती अंधारात शोधतो आणि अंधारात विकणारा तयारच असतो. परंतु जन्मसालाच्या बंदीत ज्याला सवय आहे त्याच्या हातून काहीच काढले जात नाही. साठ वर्षांच्या म्हाताऱ्याने आपली विडी ओढावी. त्याच्यामागे शिपाई लावू नये. केवळ पुढच्या माणसास रांगेत उभे राहू द्यावयाचे नाही. दरवर्षी गिऱ्हाईक एक वर्षाने म्हातारे होत जाते. दुकानदारासही हिशेब करावयास वीस-पंचवीस वर्षे मिळतात. दुकानाचे काय, असे जे कोणी गेल्या वर्षी मागून विचारले, त्यांस एवढे उत्तर तूर्त पुरावे.

दुकानापेक्षा अवघड प्रश्न विडी वळणाऱ्या हातांचा आहे. सोलापूर, सिन्नर, संगमनेर ह्या गावांतून विडीवर संसार उभे राहिले. वळणाऱ्या बहुतेक बाया. सोलापुरात त्या घरी पाने नेतात, ओली करून कातरतात, सूप मांडीवर घेऊन दिवसभर वळतात आणि कारखान्यात मोजून देतात. वाकडी वळलेली विडी मोजणीत बाद होते. तंबाखूची धूळ त्यांच्या नाकातोंडात जाते, ती वेगळीच. १९६६ साली त्यांच्यासाठी कायदा झाला, १९७६ साली कल्याणनिधी झाला. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडीकामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली, ती त्यांनी वर्षानुवर्षे झगडून मिळविली. तिकडे गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या रानांतून उन्हाळ्यात तेंदूपाने तोडणारी माणसे; आणि निपाणीच्या मराठी मुलखात तंबाखू पिकविणारा शेतकरी, ज्याने १९८१ साली शरद जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली भावासाठी रस्ता अडविला आणि गोळीबारात माणसे गमावली. एवढ्या माणसांचे अन्न ज्या वस्तूत अडकले आहे ती दिल्लीत अगर मुंबईत बसून कागदावर बंद करणे, हा आम्हांस अन्याय वाटतो.

परंतु ह्याच माणसांच्या नावाने आणखी एक खेळ चालतो. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने सिगारेटीवरील कर चाळीस टक्के ठरविला, आणि विडीवरील कर मात्र अठ्ठावीसावरून अठरावर आणण्याचे ठरविले. कामगारांचा रोजगार टिकावा, असे त्याचे समर्थन केले जाते. वस्तुतः स्वस्त झालेली विडी कोण ओढणार? तीच वळणारणीचा नवरा, आणि आपल्या गावचा सालदार. एकीकडे पाकिटावर कर्करोगाचे चित्र छापावयाचे आणि दुसरीकडे गरिबाचा धूर स्वस्त करावयाचा, ही दुटप्पी चाल आहे. आमचे आयुर्विमा महामंडळ आयटीसी ह्या सिगारेट कंपनीचे मोठे भागधारक आहे, ही गोष्टही ह्याच जातीची. ज्याने आमच्या आयुष्याचा विमा उतरविला, त्यालाच आमच्या धुरातून लाभांश मिळतो! ह्यावर हसावे की रडावे हे सभासदांनी ठरवावे.

तेव्हा आमचे मत विचाराल, तर ते असे. शासनाने धूम्रपान बंद करावे. तथापि भूतानसारखे नव्हे, तर जन्मसालाने. त्याच कायद्यात खाण्याची तंबाखूही घ्यावी. विडीवरील कर वाढवावा आणि त्या वाढीव कराचा पैसा विडीकामगार स्त्रियांच्या दुसऱ्या उद्योगावर खर्च करण्याचे कायद्यातच लिहावे. नाहीतर तो पैसा कोणत्या खड्ड्यात जाईल ते कळणार नाही. शिक्षा ओढणाऱ्यास नको, आणि टपरीवाल्या पोरास दोनशे रुपयांच्या पावतीने छळण्यातही अर्थ नाही. जो पोत्यांनी माल भरतो त्याला गाठावे.

हे शासन कधी करील ते करो. आता आपल्या मंडळापुरते बोलतो, आणि येथे काही मंडळींस आमचे बोलणे कडू लागेल, त्याबद्दल क्षमा असावी.

जन्मसालाचा हा नियम पाळण्यास कायदाच हवा असे नाही. मोठ्या शहरात दुकानदारास गिऱ्हाईकाचे वय ओळखता येत नाही. परतुरात आपणांस कोणाचा मुलगा कोणत्या साली झाला हे त्याच्या बारशाच्या घुगऱ्यांपासून ठाऊक असते. आणि शंका आलीच, तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातल्या जन्मतारखा निम्म्या गावाच्या आम्हांस पाठ आहेत. आपल्या ज्ञातीची जेवढी दुकाने परतूर, मंठा, आष्टी, सातोना ह्या टापूत आहेत, त्या दुकानांनी एवढेच ठरवावे: १ जानेवारी २००९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यास आम्ही विडी, सिगारेट, तंबाखू देणार नाही. आज नाही, आणि तो अठराचा, तिशीचा झाला तरीही नाही. बापाने धाडले म्हणून आलेल्या पोरासही नाही. बापाने स्वतः यावे. शाळेत आम्ही जे केले त्याची भरपाई ह्याने होत नाही, परंतु ते पुढे चालू राहणार नाही.

दुसरी सूचना लहान आहे. आपल्या लग्नांत व्याह्यांपुढे जे पानाचे तबक फिरते, त्यातील तंबाखूची डबी आणि सिगारेटची पाकिटे काढून टाकावीत. लवंग, वेलदोडा, बडीशेप पुष्कळ झाली. वरपक्ष रुसेल, अशी भीती एका ज्येष्ठ सभासदांनी खाजगीत बोलून दाखविली. आजवर वरपक्ष कशावरून रुसला नाही, ते त्यांनीच आम्हांस सांगावे.

आमच्या पुतण्याशी ह्यावर पुष्कळ बोलणे झाले. तो म्हणतो, "काका, मी ठेवले नाही तर समोरचा ठेवील. गिऱ्हाईक विडीसाठी तिकडे वळले, की तेल-साखरही तिकडूनच घेईल." आजोबांचेच गणित तो उलट बाजूने मांडतो, आणि ते गणित चुकीचे नाही. म्हणूनच एकट्याने ठरवून भागणार नाही; समोरचाही ह्याच सभागृहात बसलेला आहे, आणि त्याच्या शेजारचाही. सर्वांनी एका दिवशी ठरविले, तर गिऱ्हाईक कोणाकडे वळणार? येत्या पाडव्याला नव्या वह्यांची पूजा होईल, तो दिवस आम्ही सुचवितो. त्यावर पुतण्या काही बोलला नाही. नाही मात्र म्हणाला नाही.

ह्या दोन सूचना ठरावाच्या रूपाने अध्यक्षमहाराजांकडे लेखी दिल्या आहेत. त्यांवर चर्चा व्हावी, आणि विरोध असेल त्यांनी मोकळेपणाने बोलावे. गेल्या वर्षीप्रमाणे पाने वाढली म्हणून उठू नये, एवढी विनंती. बंधूंची ती खतावणी आम्ही सोबत आणली आहे. त्यांच्या नावाच्या पानावर दोऱ्याची खूण घातली आहे. ती येथे मेजावर ठेवतो. ज्यांस पाहावयाची असेल त्यांनी पाहावी.